सेटिंग ढीगभर, लिहिलेलं पान एकही नाही

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत ओळखीच्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथल्या दिवाणजींचा सकाळीच फोन. "पोरी, माझं मराठी गेलं गं." विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला लागणारं टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) त्या जुन्या मशीनमध्ये नाही, म्हणून तिथे विंडोजऐवजी लिनक्सवरची एक नवी, फुकट मिळणारी सिस्टीम टाकली होती. मीच सगळं लावून दिलेलं. अक्षरं मोठी, प्रोग्रामांची पट्टी डावीकडे, मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी. परवा अपडेट आलं आणि मराठी-इंग्रजी बदलायचं कीबोर्डवरचं बटण बंद. कामगार बहुतेक पद्मशाली, घरात तेलुगू, पण पगाराची यादी मराठीतच लागते. आणि पगार उद्या!

मदतीचं पान उघडलं तर चित्र मागच्या आवृत्तीचं. सिस्टीम बनवणाऱ्यांना विचारलं तर उत्तर आलं, "सगळं सेटिंगमध्ये आहे, शोधा."

साठी उलटलेल्या माणसाने पगाराच्या आदल्या दिवशी काय काय शोधायचं? सेटिंग द्यायचं आणि ते कुठंय हे लिहायचं नाही, याला स्वातंत्र्य म्हणायचं?

लिनक्स ज्या जुन्या सिस्टीमच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सचं पहिलं मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं. बेल लॅब्समधली मूठभर माणसं, तरी एकेका कमांडचं पान लिहिलं, त्यात काय बिघडलंय हेसुद्धा. युनिक्सच्याच घराण्यातली ओपनबीएसडी ही सिस्टीम बनवणारे आजही मॅन्युअलमधली चूक प्रोग्राममधल्या चुकीसारखीच दुरुस्त करतात. म्हणजे जमतं. करायचं असलं की जमतं.

एक मित्र म्हणाला, मग इतकी सेटिंग ठेवायचीच कशाला? त्याचं थोडं बरोबर आहे. नुसती चालू-बंद अशी दहा सेटिंग असली तरी १०२४ प्रकार होतात, प्रत्येकाचं चित्र कोण छापणार? पण म्हणून मोठी अक्षरं काढून टाकायची? दिवाणजी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. त्या अक्षरांमुळेच ते काम करू शकतात. चित्रं नकोतच. एका सेटिंगला एक पान द्या, आणि पान तयार नसेल तर सेटिंगही बाहेर काढू नका.

दुपारी गेले तेव्हा काकांनी वही पुढे केली. मी पहिल्यांदा दाखवलं होतं तेव्हाची प्रत्येक पायरी त्यांनी हिशोबाच्या अक्षरात लिहून ठेवलेली. एका अपडेटने त्या सगळ्या पायऱ्या चुकीच्या ठरल्या. मला फार वाईट वाटलं. सेटिंगची जागा बदलली एवढी एक ओळ तरी अपडेटबरोबर मराठीत द्यायची होती.

बनवणारे पदरचा वेळ घालतात, मान्य. पानं लिहिणं कंटाळवाणं, तेही मान्य. मग आपण लिहू. सोलापुरातलं कुणी रविवारी दोन तास बसणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. कोडिंग यायची गरज नाही, मराठी नीट लिहिता आलं पाहिजे. लॅपटॉप माझा आहे.