एक बटण दाबण्यासाठी धायरी ते भोसरी

शनिवारी पहाटे साडेतीन वाजता, भर पावसात, मी धायरीहून निघून अख्खे पुणे ओलांडले आणि भोसरीच्या कारखान्यात जाऊन एक बटण दाबले. तिथला सर्व्हर रात्री दोनच्या सुमारास कोलमडला होता आणि 'कर्नल पॅनिक' (म्हणजे प्रणालीचा गाभाच कोलमडला) अशी पांढरी अक्षरे झळकवत निवांत बसला होता. जणू त्या कुलूपबंद खोलीत कोणीतरी चहाचा कप घेऊन पडद्यासमोर जागे बसले असणार. तिथल्या लिनक्स या संगणकप्रणालीत असे झाल्यावर किती सेकंदांनी यंत्राने स्वतःहून पुन्हा सुरू व्हावे हे ठरवणारा एक आकडा असतो. मुळात तो 0 असतो आणि त्याचा अर्थ 'कधीच नाही' असा आहे. समोर बसून दोष शोधणाऱ्या चार विद्वानांची सोय व्हावी म्हणून बाकीच्यांनी पहाटे रेनकोट चढवायचा!

बटण दाबून प्रकरण संपते तर मी मुकाट घरी आलो असतो. पण बॅकअपच्या बाहेरच्या डिस्कची वायर निसटली होती. प्रणालीने त्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहिली, मग आणीबाणी जाहीर केली, नेटवर्क सुरूच केले नाही आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, पासवर्ड मागितला. मुख्य डिस्क धडधाकट, सगळा विदा शाबूत, तरी एका जोडडिस्कसाठी अख्खे घर अडून बसलेले. पासवर्ड धायरीला कपाटातल्या वहीत होता. पहाटे पाच वाजता बायकोला उठवून तो फोनवर वाचून घेतला, तेव्हा "हा शून्य आहे की ओ?" या तिच्या प्रश्नातला स्वर मला पुढचे काही महिने ऐकावा लागणार आहे.

आता कबूल करतो, की सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा एक शब्द लिहिला असता तर यंत्र तिच्यावाचूनही उठले असते, आणि तो लिहिण्याचे मी गेल्या गणपतीपासून ठरवतो आहे. पहारेकरी काका दाराशी उभे राहून सगळे पाहत होते. "साहेब, किल्ली माझ्याकडं ठेवली असती तर बटण मीच दाबलं असतं की," असे ते म्हणाले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तरीही राग जात नाही. 1997 साली मंगळावर उतरलेले पाथफाइंडर यान अडकले, की त्याचा वॉचडॉग, म्हणजे अडकलेले यंत्र ओळखणारा राखणदार, त्याला स्वतःहून पुन्हा सुरू करी आणि पृथ्वीवरचे लोक इथूनच दुरुस्ती पाठवू शकले. तसलाच वॉचडॉग बहुतेक सर्व्हरांच्या मदरबोर्डवर असतो, पण तो बहुधा झोपलेला असतो. नुसते पुन्हा सुरू होणे पुरेसे नाही, हेही खरे. 19 जुलै 2024 रोजी एका सदोष फाइलमुळे कोसळलेल्या सुमारे 85 लाख विंडोज यंत्रांपैकी असंख्य यंत्रे पुन्हा पुन्हा सुरू होऊन पुन्हा पुन्हा पडत राहिली. म्हणून तीनदा पडल्यावर यंत्राने हट्ट सोडावा, कोलमडण्याची नोंद ठेवावी आणि निदान दुरून आत शिरता येईल एवढे नेटवर्क घेऊन उभे राहावे, इतकीच माझी मागणी आहे. याच कारखान्यात पूर्वी एक संगणक होता, जो 'कीबोर्ड सापडत नाही, एफ वन दाबा' असे कीबोर्ड नसलेल्या माणसाला सांगत असे.

शेवटी त्या शून्याच्या जागी 10 लिहिले, 'नोफेल' लिहिले, वॉचडॉग जागा केला. तोवर सात वाजले होते आणि नाशिक फाट्यावर गाड्या तुंबायला लागल्या होत्या.