इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून ब्रश नको आणि मिश्री चालेल? त्या मेसेजला उत्तर

आत्याला खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा स्क्रू, त्यावर नंतर दाताची कॅप) बसवलं आणि त्याच आठवड्यात तिच्या भिशीच्या ग्रुपवर "इम्प्लांट केलेल्यांनी नक्की वाचा, डॉक्टर हे सांगणार नाहीत" असा मेसेज आला. आता तो आमच्या भावकीच्या ग्रुपवरही फिरतोय. त्यात म्हटलंय की इम्प्लांट टायटॅनियमचं असतं, कीड लागत नाही, म्हणून ब्रश आणि चेकअपची गरज नाही; टाक्यांवर लवंगेचं तेल आणि मिश्री लावली की जखम लवकर सुकते; पहिल्या दिवसापासून तासातासाला गरम मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भराव्यात; भात खाल्ला तर पू होतो; आणि इम्प्लांटवाल्यांना परत कधी एमआरआय काढता येत नाही.

आत्या कितीतरी वर्षांपासून मिश्री लावते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी बंद करायला लावली होती, या मेसेजने तिला ती परत सुरू करायला परवानगीच दिली. मी भेटायला गेलो तेव्हा टाक्यांच्या दोऱ्यावर काळी पूड अडकलेली होती आणि बाजूची हिरडी लालभडक. म्हणून मिश्रीपासूनच सुरू करतो.

मिश्री म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू. औषध वगैरे काही नाही. भाजल्याने त्यातलं निकोटिन संपत नाही, आणि निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. इम्प्लांट बसवल्यावर पुढचे काही महिने हाड त्या स्क्रूला चिकटून वाढायचं असतं, खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने, वरच्या जबड्यात कधी सहासुद्धा, आणि ते व्हायला तिथे रक्त नीट पोचावं लागतं. तेच तुम्ही रोज दोन वेळा बोटाने अडवताय! शिवाय बोट घासलं की टाके ओढले जातात, जखमेवर धरलेली गुठळी सुटते आणि पूड आत जाऊन बसते. लावल्यावर ठणका कमी होतो असं बायका सांगतात, ते खोटं बोलत नाहीत, पण तलफ भागली म्हणून बरं वाटतं, जखम त्याने भरत नाही. आणि धूर नसलेला तंबाखूसुद्धा माणसाला कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने केव्हाच जाहीर केलंय, त्यांच्या यादीत तो पहिल्या गटात आहे. अशी गोष्ट उघड्या जखमेवर लावायला सांगणारा मेसेज लोक हात जोडलेल्या इमोजीसकट पुढे पाठवतात याचा मला खरंच संताप येतो.

लवंगेचं तेल दुखऱ्या दाढेत कापसाच्या बोळ्याने ठेवतात ते वेगळं. कापलेल्या हिरडीवर तेच तेल थेट लावलं तर ती भाजते.

आता कीड. हे अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागतं. धातूला आणि सिरॅमिकच्या कॅपला कीड लागत नाही. स्वीडनमध्ये डॉ. ब्रोनमार्क यांनी १९६५ मध्ये ज्या पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले त्याचे ते २००६ मध्ये तो वारला तोवर टिकले, म्हणजे धातूच्या टिकाऊपणाबद्दल वाद नाहीच. बिघडते ती भोवतालची हिरडी आणि हाड. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे धागे रुतलेले असतात, इम्प्लांटला ते नुसते बाजूने टेकलेले असतात, त्यामुळे कॅपच्या कडेला प्लाक (जंतूंचा चिकट थर) साचून सूज आली की ती खाली हाडापर्यंत लवकर उतरते. आणि इम्प्लांटला नस नसते, त्यामुळे दाढ ठणकून जसा इशारा देते तसा इशाराच मिळत नाही, हाड गुपचूप झिजत जातं.

हे माझं मत नाही. २०१७ मध्ये शिकागोत अमेरिका आणि युरोपच्या हिरडी-तज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून परिषद घेतली, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आले. त्यात स्पष्ट म्हटलंय की इम्प्लांटभोवतीच्या हिरडीची सूज प्लाकमुळे होते, वेळेत साफसफाई झाली तर ती परत फिरू शकते, पण हाड जायला लागलं की ते वाढत्या वेगाने जातं, आणि ज्यांची सफाई नीट नाही, जे नियमित तपासणीला जात नाहीत, ज्यांना आधी हिरड्यांचा जोराचा आजार होता, त्यांना धोका जास्त. म्हणजे मेसेज जे दोन्ही बंद करायला सांगतो, नेमकं तेच दोन्ही करायचं असतं.

माझ्या वडिलांचं जुनं इम्प्लांट आहे, ते रोज रात्री बारीक इंटरडेंटल ब्रश (तारेला प्लास्टिकचं आवरण असलेला) कॅपच्या दोन्ही बाजूंनी हिरडीलगत घालून फिरवतात आणि बाहेर काढून बघतात. ब्रशवर रक्ताचा ठिपका दिसायला लागला किंवा घाण वास आला की दुखत नसलं तरी डॉक्टरांकडे जायचं, तपासणी एरवीही तीन ते सहा महिन्यांनी.

मिठाच्या पाण्याचा सल्लाही चांगला आहे, फक्त वेळ चुकलीय. पहिले चोवीस तास चूळ नाही, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, गरम काही नाही, गालावर बाहेरून बर्फ. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाणी, हळूच तोंडात फिरवून सोडायचं, खळखळून नाही. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिन (जंतू मारणारं चूळ भरायचं औषध) दिलं असेल तर सांगितलेत तेवढेच दिवस, जास्त वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात.

भाताने पू होत नाही, पू जंतूंनी होतो. गार केलेला मऊ वरणभात उलट उत्तम, दुसऱ्या बाजूने खा. एमआरआय काढता येतो, टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, जबड्याजवळचं चित्र थोडं धूसर येईल एवढंच. इम्प्लांटवर बसणाऱ्या कवळीला चुंबकाचे लॉक असतील तर मात्र आधी सांगायचं.

आणि जे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही ते इथे लिहितो. सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते, नंतर उतरायला हवी. तिसऱ्या दिवसानंतरही वाढत असेल, ताप आला, दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, किंवा भुलीचा असर जायची वेळ होऊन गेली तरी खालचा ओठ आणि हनुवटी बधिरच असेल तर ग्रुपवर विचारत बसू नका, ज्यांनी इम्प्लांट बसवलं त्यांना त्याच दिवशी फोन करा.