व्हेनिसला निवांत कसं राहावं

तेरा दिवसांत नऊ देश उरकणारे ग्रुप टूरवाले वेगळे आणि आपण वेगळे, हे सर्वांत आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करा. आपण व्हेनिस 'बघायला' जात नाही. आपण तिथे दहा दिवस नुसतं 'राहणार' आहोत.

महिना जुलैच निवडा. कोकणातला मे आठवेल असा दमट उकाडा असतो, भोवतालच्या खाजणातले डासही असतात. परदेशात गेल्यावर परकं वाटायला नको.

सामान भरपूर न्या. स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलंत की समोर रस्ता नाही, पाणी. रिक्षा, टॅक्सी, सायकल, काही नाही. शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. तेवीस किलोची बॅग तिसऱ्या पुलावर चढवताना 'निवांत' या शब्दाचा अर्थ हळूहळू उलगडत जातो. घराचा पत्ता विचाराल तर तिथे गल्लीनुसार क्रमांक नाहीत. शहराचे सहा भाग, आणि एका भागातली हजारो घरं सलग मोजलेली. 2840च्या शेजारी 2841 असेलच असं नाही, ते कोपरा वळून मागच्या बोळातही निघेल. आपल्याकडे 'मारुतीच्या देवळामागे' म्हटलं की माणूस पोचतो. तिथे गूगलही पाण्यात उतरायला सांगतं.

हॉटेल मात्र नको. स्थानिकांसारखं राहायचं असेल तर एखादा फ्लॅट घ्या, ज्यात पूर्वी स्थानिक राहायचे. 1951 साली जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं होती, आता पन्नास हजारही नाहीत. 2023 मध्ये तिथल्या एका नागरिक संघटनेनं मोजणी केली, तेव्हा पाहुण्यांच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त भरल्या. त्यामुळे कुकरच्या शिट्टीनं शेजारी दचकतील ही भीती सोडा. शेजारी जर्मनीहून आलेत, मंगळवारी जाणार आहेत.

एका दिवसापुरतं येणाऱ्यांवर 2024 पासून ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क आहे. तुम्ही मुक्कामी, तुम्हाला माफ. फक्त 'मला माफ आहे' असं सांगणारा कोड आधी काढून ठेवावा लागतो. तहसील कार्यालयात ज्यांची उमेद गेली, त्यांना इथे अगदी घरच्यासारखं वाटेल.

गोंडोलात बसा. अर्ध्या तासाला 90 युरो, संध्याकाळी सातनंतर 110. साध्या बोटीचं तिकीटही साडेनऊ युरो, सव्वा तास चालतं. युरोला शंभरानं गुणायचा मोह आवरा, एकदा गुणलं की जेवण जात नाही. 1720 पासून चालू असलेल्या कॅफे फ्लोरियानच्या बाहेर बसलात आणि वाद्यवृंद वाजत असेल, तर बिलात संगीताचे वेगळे पैसे लागतात. आपल्याकडे सनईचे पैसे ज्याच्या घरी लग्न तो देतो. इथे ज्याच्या कानावर पडली तो. म्हणून पायरीवर बसून डब्यातलं खावं म्हणाल, तर सान मार्कोच्या चौकात त्याला दंड आहे. कबुतरांना दाणे टाकायलाही 2008 पासून बंदी. पाय दुखले तर उभ्यानंच निवांत व्हा.

आणि गर्दीबद्दल तक्रार रोज करा. 'हे टुरिस्ट ना, शहराची वाट लावतात,' हे वाक्य रिआल्तो पुलावर, हातातला सेल्फी स्टिक न हलवता म्हणायचा सराव घरीच करून जा. 2024 पासून पंचवीसहून मोठ्या टोळक्यांना मनाई आहे. तुम्ही चौघंच आहात, तेव्हा तुमची गर्दी होत नाही.

शेवटच्या दिवशी त्याच पुलाजवळच्या सान बार्तोलोमिओ चौकात जा. तिथल्या औषधांच्या दुकानाच्या काचेत शहरात उरलेल्या रहिवाशांचा आकडा झळकतो. त्याच्यासोबत एक फोटो हवाच. आकडा पूर्ण येत नसेल तर वहिनींना जरा डावीकडे सरकायला सांगा. आणि आटपा, मागे रांग लागली आहे.