सूर्य म्हणे डोक्यावर येत नाही

"आता घरामागच्या अंगणात जा आणि दक्षिणेचं क्षितिज शोधा," असं आमचे प्राध्यापक पहिल्याच व्हिडिओत म्हणाले. ते अमेरिकेतल्या एका कॉलेजात सूर्यमाला शिकवतात आणि मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. माझं अंगण म्हणजे ग्रिल लावलेली बाल्कनी, आणि दक्षिणेचं क्षितिज म्हणजे 'बी' विंगचा ड्रेनेजचा पाइप. तरी गेले. पाइप दिसला. वहीत नोंद केली.

घरबसल्या खगोलशास्त्र शिकायची हौस माझीच. माहितीत 'गणित जुजबी' असं लिहिलं होतं. जुजबी म्हणजे केप्लरचा तिसरा नियम! ग्रहाच्या वर्षाचा वर्ग बरोबर त्याच्या सूर्यापासूनच्या अंतराचा घन. शनी आपल्या साधारण साडेनऊ पट लांब, म्हणून त्याचं एक वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं. कुकरच्या शिट्ट्या मोजत हे गणित सुटलं, तेव्हा ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना. सासूबाई वाटाणे सोलत होत्या.

"बाराने भाग," त्या म्हणाल्या.

भागलं. जवळजवळ अडीच आलं.

"एका राशीत अडीच वर्षं. आता तीन राशी धर."

साडेसात.

"साडेसाती. आमच्या गुरुजींनी हे अकरा रुपये दक्षिणेत सांगितलं होतं. तू किती भरलेस गं?"

मी कुकर उतरवायला गेले.

मग आला चंद्राचा प्रकल्प. महिनाभर रोज रात्री चंद्र बघायचा, चित्र काढायचं, वेळ लिहायची. अभ्यासक्रम त्यांच्या उन्हाळी सुट्टीतला, म्हणजे आपला जून-जुलै. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. त्यांनी अर्ज मागितला, आणि 'कारण' या रकान्यात मी 'चंद्र' लिहिल्यावर बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. पुढे माझ्या तक्त्यात 'आकाशाची स्थिती' अशी भरत गेली: ढग, ढग, पाऊस, ढग, पाऊस आणि ढग. यावर संगणकाने आपणहून शेरा मारला की निरीक्षणाची जागा बदलून पाहा. कुठे जाऊ? लेहला?

चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हे मला व्हिडिओतून कळलं. सासूबाईंना ते उपासामुळे पाठ आहे. संकष्टीला ढग असले की त्या 'कालनिर्णय'मध्ये चंद्रोदयाची वेळ बघतात, त्या दिशेला हात जोडतात आणि जेवायला बसतात. ही पद्धत चालेल का, असं मी कॉलेजला विचारलं. चालत नाही.

पण हे सगळं सोसलं असतं. खरा घोळ चाचणीत झाला. चाचणी द्यायची मुदत रविवारी रात्री 11:59, तिकडच्या घड्याळाने. म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी 9:29, जेव्हा मी लेडीज डब्यात एका पायावर उभी असते. फोनवर प्रश्न आला. चूक की बरोबर: 'भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो.'

मी 'बरोबर'वर बोट ठेवलं. लाल फुली आली. खाली खुलासा: सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही.

"कधीच नाही?" माझ्या खांद्यावरून वाचणाऱ्या बाई म्हणाल्या. "मे महिन्यात आमच्या स्टेशनच्या पुलावर उभं राहा म्हणावं."

आता न्यायाने बघायचं तर प्राध्यापकांचं त्यांच्यापुरतं खरं आहे. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, आणि हवाई बेटं सोडली तर त्यांच्या पन्नासातली उरलेली सगळी राज्यं त्याच्या उत्तरेला. त्यांचा सूर्य दुपारीही दक्षिणेला कललेला. डोंबिवली मात्र एकोणीस अंशांवर. इथे तो वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो, 16 मे आणि 27 जुलैच्या आसपास. त्याला शून्य सावली दिवस म्हणतात, शाळेची पोरं मैदानात डबे उभे करून तो साजरा करतात. रोज येत नाही हे कबूल. पण 'कधीच नाही' म्हणजे काय? प्रश्न अर्ध्या गुणाचा होता, तरी मी पानभर पत्र लिहिलं.

उत्तर फारच गोड आलं. वा, छान मुद्दा! त्या दिवशी एक काठी उभी करून फोटो पाठवा, अर्धा गुण परत.

27 जुलैला मी रजा टाकली. इथली मध्यान्ह बाराला होत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे पावणेएक होतात. साडेबाराला गच्चीत पोळपाटावर लाटणं उभं केलं. सासूबाई आल्या. सेक्रेटरी छत्री घेऊन आले, पोळपाटावर धरायला.

त्या दिवशी डोंबिवलीत सावली कुणाचीच पडली नाही. लाटण्याची नाही, टाकीची नाही, सेक्रेटरींची नाही. सकाळी सातला नाही आणि संध्याकाळी सातलाही नाही.

फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं: 'उत्तम! आता तुलनेसाठी याच आठवड्यातला, सावली दिसणारा एक फोटो पाठवा.'

अभ्यासक्रम ऑगस्टमध्ये संपतो. सावलीचं सेक्रेटरी म्हणतात, ऑक्टोबरमध्ये बघू.