चालू गाडीच्या बॅटरीची वायर काढू नका

परवा सकाळी सातला गंगाखेडहून दाजींचा फोन. "गाडी चालू ठेवलीय, दहाचा पाना हातात हाय. बॅटरीची काळी वायर काढू का?" कशासाठी, तर म्हणे भावकीच्या ग्रुपवर मेसेज आलाय. आधी त्यांना गाडी बंद करायला लावली आणि मग तो मेसेज मागवला. "अल्टरनेटर घरच्या घरी तपासा, मेकॅनिकचे पैसे वाचवा" असं वर, खाली पाच मुद्दे आणि शेवटी "सगळ्या ग्रुपवर टाका". संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला तीन गिऱ्हाइकांनी पाठवला. परभणीत वसमत रोडला अठरा वर्षं गाड्यांची वायरिंग करतोय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

मेसेजातला पहिला मुद्दा असा: "गाडी चालू असताना बॅटरीचा निगेटिव्ह काढा. इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला, बंद पडलं तर गेला."

अल्टरनेटर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग. मुळात या तपासणीतून काही कळतच नाही. जुन्या जीपमध्ये इंजिनाला डिझेल देणारा पंप मेकॅनिकल असतो. ते इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज उरत नाही. अल्टरनेटर खोलून बाकावर ठेवला तरी ते धडधडत राहील. मग "चालू राहिलं म्हणजे चांगला" याला अर्थ काय राहिला?

आणि आताच्या गाडीत हे करणं म्हणजे नुकसान ओढवून घेणं आहे. अल्टरनेटरच्या आत रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, गुंडाळीतून थोडी वीज जाते, तिचं चुंबक होतं. पट्ट्यावर ते फिरलं की भोवतीच्या स्टेटरमध्ये वीज तयार होते, डायोड तिची डीसी करतात. रेग्युलेटर, ज्याला आपण कटआऊट म्हणतो, तो रोटरची वीज कमी-जास्त करून व्होल्टेज चौदाच्या आसपास धरतो. आता समजा तीस-चाळीस अँपियर बॅटरीत जातायत आणि तुम्ही तेवढ्यात वायर उचलली. रोटरचं चुंबक त्या क्षणी विझत नाही. तयार झालेल्या विजेला जायला जागा नाही, म्हणून व्होल्टेज एकदम चढतं. शेतात मोटर चालू असताना कुणी व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला की पाइपलाइन कुठे फुटते ते ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

हे माझ्या मनचं नाही. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू कशा तपासायच्या यासाठी आयएसओ १६७५० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या दुसऱ्या भागात नेमकी हीच परिस्थिती दिलीय: अल्टरनेटर चार्जिंग करत असताना बॅटरी सुटली तर काय. अल्टरनेटरमध्ये व्होल्टेज रोखणारी सोय नसेल, तर १२ व्होल्टच्या गाडीसाठी तिथे ७९ ते १०१ व्होल्टचा झटका धरलाय, ४०० मिलिसेकंदांपर्यंतचा. बारा व्होल्टच्या वस्तूंवर शंभर व्होल्ट! आता बऱ्याच अल्टरनेटरमध्ये हा झटका पस्तीसच्या आसपास दाबणारे डायोड असतात, हे खरं. पण ती सोय वायर चुकून सुटली तर त्यासाठी आहे. शिवाय मागे कधी स्वस्तातली डायोड प्लेट बसवली असेल तर तिच्यात काय आहे कुणाला माहीत? आणि बाहेरून लावलेले टेप, जीपीएस, एलईडी यांचं काय? माझ्याकडे अशी "तपासलेली" एक गाडी आली होती. दोन्ही हेडलाइट उडालेले, डॅशबोर्डचे मीटर बंद, ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, बोलत नव्हता. अल्टरनेटर मात्र आधी चांगला होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत जास्त टोचते. चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो. वायर उचलताना ठिणगी पडते ती बरोबर तिथेच, आणि माणूस वाकून बघत असतो. बॅटरी फुटली तर ॲसिड थेट तोंडावर. डोळ्यात गेलं तर चोळू नका, किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि तसेच दवाखान्यात जा.

माझे उस्ताद पूर्वी ही तपासणी करायचे, तेवढं मान्य करतो. पण त्या गाड्या डायनमोच्या, पेट्रोलच्या, कॉइल-पॉइंटवर चालणाऱ्या. जळायला त्यात बल्ब सोडून फार काही नव्हतं.

आता मेसेजातले बाकीचे चार मुद्दे. "लाल बॅटरीचा दिवा लागला म्हणजे बॅटरी बदला." चूक. तो दिवा चार्जिंग बंद असल्याचा आहे. पट्टा तुटला तरी लागतो, आणि बऱ्याच इंजिनांत तोच पट्टा वॉटर पंप फिरवतो. तसंच पुढे रेटलं तर इंजिन गरम होऊन हेड बसेल.

"पाणी कमी झालं की ॲसिड टाका, नसेल तर बोअरचं पाणी चालतं." दोन्ही नाही. उडून जातं ते पाणी, ॲसिड नाही. आणि आपल्या बोअरचं पाणी किती क्षारट ते घरातल्या हंड्यावरचा पांढरा थर सांगतो. डिस्टिल्ड वॉटरच टाका.

"बॅटरी उतरली तर धक्का मारून पंधरा मिनिटं फिरवा, फुल होते." होत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी चार्जरवर काही तास लावावी लागते. अल्टरनेटरवर तो भार टाकला की तो तापतो.

"टर्मिनलची पांढरी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा." हे बरोबर. फक्त गाडी बंद करा, हातातलं कडं-अंगठी काढा, काळी वायर आधी सोडा आणि लावताना शेवटी लावा.

मग तपासायचं कसं? व्होल्टेज मोजायच्या काही शे रुपयांच्या मल्टीमीटरने. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी चालू केली की १३.८ ते १४.५. हेडलाइट, ब्लोअर लावून साडेतेराच्या खाली जायला नको. पंधराच्या वर गेलं तर कटआऊट गेला. काही नव्या गाड्यांत ईसीएम व्होल्टेज मुद्दाम वर-खाली करतो, तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका.

रविवारी गंगाखेडला गेलो. दाजींची तक्रार खरी होती, सकाळी सेल्फ जड जायचा. गाडी चालू करून हेडलाइट लावले. बॅटरीवर १३.०. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या मागच्या मोठ्या बोल्टला, दुसरी त्याच्याच अंगाला लावली: १४.२. म्हणजे अल्टरनेटर देतोय, पोचत नाहीये. मग इंजिनचं लोखंड आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये लावली: १.१ व्होल्ट. तिथे ०.२ च्या वर असू नये.

गाडी बंद केली. दाजींनी टॉर्च धरला, मी खालून अर्थची पट्टी, म्हणजे इंजिनला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी वायर, सोडली. बोल्टखाली गंज आणि वाळलेला चिखल, मागच्या पावसाळ्यातला असावा. पॉलिश पेपरने घासून, आवळून परत लावली. इंजिन ते निगेटिव्ह ०.०५, बॅटरीवर १४.१.

"मग अल्टरनेटर?" दाजींनी विचारलं. तोच आहे म्हटलं, त्याला हातही लावला नाही.