छापील पानावरची धूनही परंपरेचीच

स्कॉटलंडच्या नृत्यधुना कानोकानी चालत आल्या, म्हणून जुन्या संग्रहांतून वाचून त्या वाजवणारा परंपरेबाहेरचा ठरतो, शिवाय छपाईने त्या धुना गोठल्या आणि स्वरलेखनात सारे येतही नाही, असे लोकसंगीताचे अनेक चाहते ठामपणे सांगतात. गुरुमुखातून विद्या घेण्याचा संस्कार असलेल्या आपल्याला हे चटकन पटते. परंतु अठराव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये घडले ते वेगळेच.

कागद या परंपरेला परका नव्हता. रॉबर्ट ब्रेम्नर यांनी एडिंबरोत १७५७च्या सुमारास रील या जलद नृत्यप्रकाराच्या धुनांचा संग्रह भागाभागांनी छापायला घेतला. पर्थशायरमधील इन्व्हरचे नामांकित व्हायोलिनवादक नील गो यांचा पहिला संग्रह १७८४ मध्ये निघाला, तर ड्यूक ऑफ गॉर्डन यांच्या चाकरीतील विल्यम मार्शल यांनी स्वतःच्या रचना छापून घेतल्या. ज्यांच्या वादनावर लोक नाचत, तेच यांतील काही पुस्तकांचे कर्ते होते. गो यांच्या संग्रहात धुनेखाली चेलो या मोठ्या तंतुवाद्यासाठी खर्जाची ओळ दिलेली असते, आणि डेव्हिड अॅलन यांनी १७८० मध्ये रंगवलेल्या ब्लेअर अॅथॉलच्या लग्नाच्या चित्रात नील यांच्या शेजारी चेलोवादकही दिसतो. म्हणजे ती ओळ केवळ दिवाणखान्यातील हौशी मंडळींसाठी नव्हती.

धुना गोठल्या, हा आक्षेपही टिकत नाही. गो कुटुंबाला धुनांना एकच प्रमाण रूप द्यायचे होते, हे खरे. एकच धून त्याच स्वरांत वाजवणारे दोन व्यावसायिक वादक आपल्याला आढळले नाहीत, असे त्यांनीच १७९९ मध्ये सुरू झालेल्या आपल्या मोठ्या संग्रहात नोंदवले. तरीही वादकांनी आपापली वळणे सोडली नाहीत. स्कॉटिश स्थलांतरितांनी ही परंपरा जेथे नेली, त्या कॅनडातील केप ब्रेटन बेटाचे वादक हेच जुने संग्रह वापरतात आणि गज मात्र आपल्या पद्धतीने चालवतात.

राहिला तिसरा मुद्दा, की स्वरलेखनात सारे येत नाही. तो मला पूर्ण मान्य आहे. स्ट्रॅथस्पे या रीलहून संथ नृत्यधुनेत आखूड स्वरावर आघात देऊन लगेच लांब स्वरावर जातात. कागदावर त्यांचे प्रमाण एकास तीन असे दिसते, पण कसलेला वादक आखूड स्वर त्याहूनही तोकडा करतो. नील गो यांचा वर जाणारा गजही खाली येणाऱ्या गजाइतकाच जोरकस असे, अशी त्यांची ख्याती होती, आणि तो जोर कोणत्याही पानावर उतरत नाही. मात्र यावरून एवढेच ठरते की संग्रहाच्या जोडीला जाणत्या वादकांना ऐकावे आणि धून नाचणाऱ्यांच्या पावलांवर तपासावी. पुस्तक मिटून ठेवले, तर आज कोणाच्याही कानावर न उरलेल्या धुना कोठून मिळवणार, याचे उत्तर छापील धुनांना परंपरेबाहेरच्या म्हणणाऱ्यांनी द्यायला हवे.