कट-ऑफपेक्षा प्रयोगशाळा बघा

कॉलेज निवडण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की पुण्यात प्रवेश मिळत असेल तर गावाकडचं कॉलेज धरू नये. मला हे पटत नाही. बारावीनंतर मी सांगलीचं विलिंग्डन निवडलं, तेव्हा नातेवाईक म्हणाले, 'पुण्याचं फर्ग्युसन सोडून इथे कशाला?' दोन्ही कॉलेजं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचीच. फर्ग्युसन १८८५चं, विलिंग्डन १९१९चं. आज मागे वळून पाहताना तो निर्णय योग्यच वाटतो. स्पेक्ट्रोमीटरमधून (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण) सोडियमच्या प्रकाशातल्या अगदी जवळजवळच्या दोन पिवळ्या रेषा वेगवेगळ्या दिसेपर्यंत सर टेबलापासून हलू द्यायचे नाहीत. भौतिकशास्त्राची गोडी तिथेच लागली. शिवाय घरून डबा, त्यामुळे वडिलांवर होस्टेलचा बोजा नव्हता. पालकांनो, फॉर्म भरण्याआधी त्या कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एवढं जरूर विचारा: प्रॅक्टिकलला उपकरण प्रत्येकाच्या हातात येतं का?